अध्यक्षांचा पहिला गळ

४ तारीख, सोमवार

डॉक्टरांनी दिवा माझ्या कानावर वळवला आणि सवयीने म्हणाले, "आ करा." मीही सवयीने आ केला. मग दोघांच्याही लक्षात आलं की काम तोंडात नाही, कानात आहे. गळ उजव्या कानाच्या पाळीतून आरपार गेला होता आणि त्याची दोरी माझ्या बुटापर्यंत लोंबत होती. बाहेरच्या बाकावर एक बाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. त्या गाल सोडून बघत राहिल्या.

डॉक्टर दातांचे आहेत. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. हे आमच्या गळक्लबचे सभासद. यांना कारण दिसत होतं. मी गच्चीवर गळ फेकण्याचा सराव करत होतो. समोर बादली ठेवली होती. काठी मागे नेली, मनगट झटकलं, आणि बादलीत काहीच पडलं नाही.

डॉक्टरांनी गळाचं टोक कापलं आणि उरलेला भाग मागच्या मागे काढून घेतला. मग हात धुताना म्हणाले, "अध्यक्ष, त्या दिवशी गळ पाण्यात पडेल एवढं बघा. बाकीचं होईल."

मी विचारलं, बाकीचं म्हणजे काय. म्हणाले, मासे वगैरे.

धीर द्यायची त्यांची ही पद्धत आहे. दात उपटतानाही ते असंच बोलतात.

६ तारीख, बुधवार

ऑफिसात सांगितलं की कानाला मधमाशी चावली. साहेबांनी विचारलं, पट्टीही तिनेच बांधली का.

मी अध्यक्ष कसा झालो ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढेमागे मलाच खरं वाटणार नाही.

आमच्या क्लबात एक रीत आहे. बंदीचे महिने संपून मोसम उघडला की पहिला गळ अध्यक्षांचा पडतो. तो पडेपर्यंत कोणी पाण्यात काही घालत नाही. गळ नाही, जाळी नाही, पायाचा अंगठासुद्धा नाही. सगळे काठावर टोप्या काढून उभे राहतात. इतकी वर्षं हा गळ माझे सासरे टाकत आले. तो हवेतून जाताना ऐकू येत नसे आणि पाण्यात पडलेला दिसत नसे. थोड्या वेळाने मासा येई. सासरे त्याच्या तोंडातून गळ सोडवून त्याला परत पाण्यात सोडत, आणि मग बाकीच्यांनी काठ्या उचलायच्या.

यंदा सासऱ्यांचा हात थरथरतो. चहा पिताना बशी वाजते. सभेत ते उभे राहिले आणि त्यांनी माझं नाव सुचवलं. मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी हसलो. माझं हसून झालं तेव्हा ठराव मंजूर झाला होता.

मी नकाशे काढतो. दुसऱ्यांनी बांधायच्या घरांचे. क्लबात माझा उपयोग तेवढाच: तळ्याची खोली दाखवणारा नकाशा मी काढला, आणि सूचनांच्या पाट्या माझ्या अक्षरात असतात. मासा मी आजवर धरलेला नाही. माशांचा माझ्यावर राग आहे असं नाही. ते येतात, आमिष खातात, आणि गळ घासलेल्या चमच्यासारखा स्वच्छ करून ठेवून जातात.

९ तारीख, शनिवार

पाणी खात्याच्या नव्या इंजिनीअर बाई तळ्यावर आल्या होत्या. तळं त्यांच्या खात्याचं. पूर्वी इथून पिण्याचं पाणी जायचं, आता जात नाही, म्हणून आम्हाला बसू देतात. बाईंनी आडवळण न घेता सांगितलं की एका ठेकेदाराने तळं मागितलंय. पायाने चालवायच्या होड्या, हंसाच्या आकाराच्या. तिकीट लावून.

बाईंनी विचारलं, यात मासे आहेत का. मी म्हणालो, भरपूर. त्यांनी विचारलं, तुम्ही शेवटचा कधी पकडला. मी म्हणालो, मी अध्यक्ष आहे.

हे उत्तर घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

मोसम उघडेल त्या सकाळी त्या स्वतः येणार आहेत. मासे दिसले आणि ते धरता येणारी माणसं दिसली तर तळं आमचं. नाहीतर होड्या. सासरे हे सगळं खुर्चीवर बसून ऐकत होते. बाई गेल्यावर एवढंच म्हणाले की प्लास्टिकची बदकं येणार. मग माझ्याकडे बघितलं. मी टोपी नीट केली.

१० तारीख, रविवार

सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे राहतात. राहतात म्हणजे झोपायला येतात. सकाळी घडीची खुर्ची काखेत मारून तळ्यावर, दुपारी जेवायला घरी, पुन्हा तळ्यावर. बंदीच्या महिन्यांतसुद्धा, काठीशिवाय. तळं गेलं तर ते दिवसभर आमच्या बाहेरच्या खोलीत असतील. मी पेन्सिलला टोक कसं काढतो यावर त्यांचं मत आहे. मी दार कसं लावतो यावर आहे. माझं मासेमारीवरचं प्रेम विचाराल तर ते एवढंच: सासरे तळ्यावर असावेत.

हे मी विनोद म्हणून हिला सांगितलं. ही माझी बायको. पण आधी त्यांची मुलगी. कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, बाबांना घरात बसवलं तर ते बसतील," ती म्हणाली. "तेवढंच करतील."

आणि हातातला अभ्रा उलगडून तिने त्याची पुन्हा घडी घातली.

मी गच्चीवर जाऊन सराव केला. बादलीला अजून धक्का लागलेला नाही.

१३ तारीख, बुधवार

टेलरमास्तरांच्या दुकानात सभा झाली. टेलरमास्तर आमचे खजिनदार, पण क्लबाचा खजिना बघता त्यांना शिवणकामाला वेळ मिळतो. सभासद कापडाच्या ठाणांवर बसले. मी कापायच्या टेबलाशी उभा राहिलो, खडूची रेघ कोटाला लागली ती तशीच घेऊन घरी आलो.

मी एक नवा नियम मांडला. मोसम उघडेपर्यंत कोणीही तळ्यात माशांना खायला टाकायचं नाही. पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही. भुकेला मासा येतो. मोसमाआधी आपापल्या जागेवर गुपचूप कणीक टाकून मासे तिथे सवयीचे करून ठेवायचे, ही खोड काही क्लबांत असते असं मी ऐकलं होतं. आमच्यात तसं कोणी नाही, पण अध्यक्षाने काहीतरी करायला हवं.

सगळ्यांनी एकमताने होकार दिला. डॉक्टर तर म्हणाले की नियम फार आधीच व्हायला हवा होता. सासऱ्यांनी मला पाटी मोठ्या अक्षरात लिहायला सांगितली.

पाटी सुरेख झाली आहे. काठावरच्या झाडाला लावली. 'टाकू नये' मधला 'टा' मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन बघितला.

१५ तारीख, शुक्रवार

आज पहाटे मी तळ्यात कणीक टाकली.

विचार करून टाकली, म्हणजे स्वतःशी वाद घालून जिंकून टाकली. सराव करून हे दिसलं की माझ्या हाताच्या भरवशावर मासा येणार नाही. मग माशाच्या भरवशावर यायला हवा. मी जिथून पहिला गळ टाकणार ती पाण्यावर पुढे आलेली लाकडी फळी नकाशात मला पाठ आहे. तिथे रोज सकाळी थोडी कणीक पडली तर मासे जमतील, आणि त्या दिवशी गळ कुठेही पडो, खाली एखादं तोंड असेल. नियम भुकेल्या माशांसाठी आहे. तळ्याच्या बाकीच्या भागातले मासे भुकेलेच राहतील. एकाच जागी एकाच माणसाने टाकली तर काय बिघडणार.

एवढं बोलून मी पाटीकडे पाठ करून टाकली.

कणीक मळताना ही स्वयंपाकघरात आली. मी गृहस्थाश्रमाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली. तिने माझ्या हातातून परात घेतली, थोडं पाणी घातलं आणि म्हणाली, फार घट्ट झाली, विरघळायला हवी ना. मग विचारलं, उद्यासाठी जास्तीची मळून ठेवू का. कशासाठी ते विचारलं नाही. बायकांना तपशिलात रस नसतो.

१७ तारीख, रविवार

पहाटे फळीवर जायला निघालो तर लव्हाळ्यात काहीतरी हललं. मीही लव्हाळ्यात शिरलो. दोघंही तसेच उभे राहिलो, आणि शेवटी मला शिंक आली.

टेलरमास्तर होते. त्यांच्या काळ्या पँटवर गुडघ्यापर्यंत पीठ होतं. मी विचारायच्या आधीच म्हणाले की नियम कोणी मोडत नाही ना, यावर नजर ठेवायला आलोय. मी म्हणालो, मीही. पिठाचं मी विचारलं नाही. तो खडू असणार, त्यांच्या धंद्यातला. माझ्या पिशवीकडे त्यांनी बघितलं नाही. आम्ही दोघांनी पाण्याकडे कडक नजरेने बघितलं आणि एकमेकांना नमस्कार करून गेलो.

घरी पोचेपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती. हा माणूस झोपमोड करून माझ्या नियमाची राखण करतो आणि मी त्याच्याच राखणीतून कणीक नेतो. उद्यापासून आणखी लवकर जायला हवं.

१९ तारीख, मंगळवार

हिने पाव आणायला पाठवलं. बेकरीवाले म्हणाले की हल्ली संध्याकाळपर्यंत शिळा तुकडाही उरत नाही, सगळा माल जातो. मी त्यांचं अभिनंदन केलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, तुमच्या क्लबाची कृपा. आमच्यामुळे त्या भागात वर्दळ वाढली असेल.

सासऱ्यांची मात्र काळजी वाटते. त्यांचा कोट खुंटीवरून पडला तो उचलताना खिशातून पावाचे तुकडे सांडले. दोन्ही खिशांतून. म्हणजे ते लपून खातात. घरात पोटभर मिळत नाही असं वाटत असेल, आणि मुलीकडे मागायला संकोच. मी हिला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. तिने ओठ मिटून ऐकलं आणि म्हणाली, बरं, मी बोलेन त्यांच्याशी.

जेवताना मी त्यांना आग्रह करकरून वाढलं. ते म्हणाले, "जावईबापू, मला मोसमासाठी पोसताय का?"

२१ तारीख, गुरुवार

उकाडा विलक्षण आहे. वारा पडलाय. पान हलत नाही.

तळ्याला वास येतोय. काठाशी पाणी गढूळ झालंय, वर सायीसारखं काहीतरी तरंगतं. सगळ्यांनी मिळून पाहणी केली. टेलरमास्तर म्हणाले गटार फुटलं असणार. सासरे म्हणाले उन्हाने होतं, दरवर्षी होतं. दरवर्षी झालेलं मला आठवत नाही, पण मी दरवर्षी नाक मुरडण्याच्या पदावर नव्हतो. डॉक्टरांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, अगदी किडलेल्या दाढेसारखा, पण काळजीचं कारण नाही. कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडला नाही. मोसम जवळ आला की सगळ्यांवर ताण येतो.

आज मी कणीक थोडी जास्त टाकली. वासाने मासे तिथून हलले तर पंचाईत.

२३ तारीख, शनिवार

गच्चीवर शेवटचा सराव. सासरे जिना चढून आले. त्यांना एरवी जिना चढवत नाही, तेव्हा मला बोलवायला आले असतील म्हणून मी खाली जायला निघालो, तर म्हणाले, टाका.

टाकला. बादलीच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या अँटेनाला.

ते जवळ आले. माझं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे माझाही, त्यामुळे काठीचं टोकही. "बादलीकडे बघू नका," ते म्हणाले. "बादलीच्या पलीकडे बघा. हात आपोआप अलीकडे सोडतो."

पुन्हा टाकला. बादलीच्या कडेवर टक् आवाज झाला आणि गळ आत पडला. मी वळून बघितलं. सासरे जिन्याकडे निघाले होते. पाठमोरेच म्हणाले की फळीपाशी यंदा मासे असतील. मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले, "असतील हो."

मला वाटतं ते मला चिडवत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या एकाही गोष्टीला बरं म्हटलेलं नाही. माझं नाव सुचवलं तेही, आपल्यानंतर क्लब कसा बुडतो ते डोळ्यांनी बघायला, असं माझं मत आहे. उद्या ते मत खोटं ठरवायचं आहे.

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

२४ तारीख, रविवार

सगळं क्रमाने लिहितो. हात दुखतोय.

पहाटे सगळे वेळेच्या आधी हजर. आभाळ भरलेलं, हवा जागच्या जागी. वास कालच्यापेक्षा वाईट होता, पण त्यावर कोणी बोललं नाही. बाई रबरी बूट घालून आल्या. नाकाशी हात नेला आणि पाण्याकडे बघत काठाने चालायला लागल्या. त्यांना रीत माहीत नसल्यामुळे मी त्यांना थांबायची विनंती केली. सभासदांनी टोप्या काढल्या. मी फळीच्या टोकाला गेलो, काठी मागे नेली, आणि पाण्याच्या पलीकडे बघितलं.

पाण्यावर तोंडं होती.

गोल, उघडी, मिटणारी, पुन्हा उघडणारी. आधी फळीभोवती, मग दूरवर, लव्हाळ्यापर्यंत. त्यांच्यामागे काळ्या पाठी, काही माझ्या हाताएवढ्या. या तळ्यात एवढे मासे आहेत हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. खरं लिहायचं तर मला वाटलं ते माझ्यासाठी आले. क्षणभर मान ताठ झाली. नुसती दोरी सोडली असती तरी आयुष्यातला पहिला मासा लागला असता.

"ती काठी खाली ठेवा," बाई म्हणाल्या. "गुदमरताहेत ते."

मग त्यांनी धावत धावतच सांगितलं: तळाशी काहीतरी कुजतंय, त्याने पाण्यातली हवा खाल्ली, वारा नाही, ऊनही नाही, मासे वर तोंड काढून श्वास घेताहेत, दुपारपर्यंत सगळे मरतील. धरणाकडून येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह त्या उघडायला निघाल्या होत्या. आम्ही तोवर पाणी ढवळायचं, उडवायचं, हाताला लागेल त्याने.

डॉक्टरांनी बादली उचलली. टेलरमास्तरांनी वल्हं उचललं. आणि काठावर येऊन दोघंही थांबले. सगळेच थांबले. पायाची बोटं पाण्यापासून वीतभर. ते माझ्याकडे बघत होते.

"अध्यक्ष," टेलरमास्तर म्हणाले, "तुमचा गळ अजून पडला नाही."

इथे खऱ्या अध्यक्षाने काय केलं असतं हे मला आता, जेवल्यानंतर, सुचतंय. रीत तात्पुरती स्थगित, असं जाहीर केलं असतं. माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. मी काठीकडे बघितलं. गळ टाकला असता तर त्या तोंडांतल्या एखाद्यात गेला असता. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत होते, आणि माशांबरोबर त्यांचंही तोंड उघडत-मिटत होतं.

मी उतरलो. उतरलो हा शब्द सौम्य आहे. फळीवरून गेलो, इस्त्रीच्या शर्टासकट. पाणी छातीपर्यंत आलं आणि पाय कशात तरी मऊ मऊ रुतले.

"पडला," टेलरमास्तर म्हणाले. मग सगळे आले.

पुढचं नीट आठवत नाही. बादल्या, वल्ही, काठ्या, जाळी, टोप्या. डॉक्टर आणि आणखी कोणी बाईंच्या हाकेला व्हॉल्व्हच्या खोलीकडे धावले; चाक गंजलं होतं, डॉक्टरांनी त्यावर पाय रोवून ओढलं तसं ते फिरलं. म्हणाले, अक्कलदाढ याहून अवघड असते. सासरे कमरेएवढ्या पाण्यात घडीच्या खुर्चीने पाणी झोडत होते. त्यांचा हात थरथरत होता की नाही ते कळायला मार्ग नव्हता, सगळं पाणीच थरथरत होतं. कोणीतरी फोन केला म्हणून ही आली. मला वाटलं ती बाबांना बाहेर काढेल. तिने साडी खोचली, परात घेतली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. दोघं एकाच तालात पाणी उडवत होते.

धरणाचं पाणी आधी गंजाने लाल होऊन आलं, मग स्वच्छ झालं. हळूहळू तोंडं कमी झाली. दुपारनंतर कधीतरी पाणी नुसतं पाणी दिसायला लागलं. काही मासे मात्र वाचले नाहीत. ते डॉक्टरांनी टोपलीत गोळा केले. आमच्या क्लबाची या मोसमातली ती पहिली पकड.

सासऱ्यांची खुर्ची मोडली. ते काठावर गवतात बसले, शर्टाची बटणं चुकीची लागलेली, दम लागलेला. मी जवळ गेलो तर म्हणाले, "मनगट चांगलं सुटलं हो उडी मारताना."

मग बाईंनी फळीपाशी एक लांब काठी खाली खुपसून वर काढली. टोकाला आंबलेला लगदा होता, पिठाचा. त्यांनी झाडावरच्या पाटीकडे बघितलं आणि विचारलं, हे कोणी टाकलं.

मी पुढे झालो. म्हणालो, मी. रोज. पाटीही माझीच. भिजलेल्या कपड्यांतून पाणी गळत असताना खरं बोलणं सोपं जातं, कोरड्या माणसाला जमलं नसतं.

यानंतर जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. टेलरमास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, मीसुद्धा, भाजलेलं पीठ, रोज, अध्यक्षांच्या फळीखाली. डॉक्टर म्हणाले, उकडलेला मका माझा. मग मागचे एकेक, खाली मान घालून. शेवटी सासरे गवतातूनच म्हणाले, "पाव. एवढा नको होता टाकायला."

सगळ्यांनी माझ्यासाठी आळ अंगावर घेतला. एकाही गुन्ह्यात भाग नसलेली ही माणसं, ज्यांच्यातल्या एकाने माझ्या नियमाची पहाटे राखण केली. डॉक्टरांना आयत्या वेळी मका सुचला हे विशेष. लगद्यात खरोखरच मक्याचे दाणे निघाले, ते धरणाच्या पाण्याबरोबर वाहून आले असावेत. घरी येताना हे मी हिला सांगितलं. ती हसायला लागली आणि रस्त्याच्या कडेला कुंपणाच्या भिंतीवर बसेपर्यंत हसत राहिली. दिवसभराचा ताण असा बाहेर पडतो.

बाईंचा निर्णय: एवढे मासे असलेल्या पाण्यावर त्या होड्या फिरवू देणार नाहीत. ठेकेदाराला तसं कळवतील. पण पाणी सुधारेपर्यंत, म्हणजे हा अख्खा मोसम, इथे एकही गळ पडणार नाही. आणि दाणाही. आम्ही गळ न टाकणारा गळक्लब आहोत, आणि मी त्याचा अध्यक्ष. मला वाटतं पदाला आता योग्य माणूस मिळाला.

मात्र रोज सकाळी कोणीतरी येऊन पाणी बघायला हवं, बाई म्हणाल्या. रंग, वास, मासे वर आहेत की खाली. आणि खात्याला फोन करून कळवायला हवं. त्यांच्याकडे माणूस नाही. आमच्यातलं कोणी करेल का, असं विचारून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

सासऱ्यांनी हात वर केला. थरथरत होता. त्यांनी तो खाली घेतला नाही.

२५ तारीख, सोमवार

सकाळी उठलो तेव्हा सासरे तळ्यावर गेलेले होते. त्यांची खुर्ची मोडली म्हणून स्वयंपाकघरातली माझी घेऊन गेले. त्यांचा फोन आला, हिने घेतला: पाणी ठीक, मासे खाली. मी उभ्याने चहा घेतला आणि ऑफिसला गेलो.